‘विश्वास ठेवा’ म्हणजे नेमकं काय करा? उपदेश आणि शास्त्रवचन

वचनवाचक (धागाकर्ता)

विश्वासावरचे उपदेश बहुतेक बायबलमधल्या एकाच ओळीपासून सुरू होतात: इब्री लोकांस पत्र ११:१. ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे.’ ओळ वाचली जाते, मंडळीकडून पुन्हा म्हणवून घेतली जाते, आणि तिथून उपदेशक शास्त्र बाजूला ठेवून आपल्या बोलण्याकडे वळतो. मग ‘विश्वास ठेवा, अजून ठेवा, घट्ट ठेवा’. ऐकणारा घरी जातो तो एकच प्रश्न घेऊन: ठेवू म्हणजे काय करू?

मला हे फार लागतं, कारण ज्याने ती ओळ लिहिली तो स्वतः तिथे थांबलेला नाही. इब्री लोकांस पत्राचा लेखक आपल्या लिखाणाला शेवटी (१३:२२) ‘बोधवचन’ म्हणतो. म्हणजे आपल्या हातात आहे तो एक उपदेशच. आणि हा उपदेशक काय करतो? एक ओळ सांगून झाली की लगेच माणसं दाखवायला लागतो. हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब. प्रत्येकाने देवाचं काहीतरी ऐकलं आणि त्यावर पाऊल उचललं. नोहाने अजून न दिसलेल्या गोष्टीसाठी तारू बांधलं. अब्राहाम कुठे जायचंय ते ठाऊक नसताना निघाला. व्याख्या एका वचनात उरकते, माणसांना मात्र जवळजवळ सगळा अध्याय दिलेला आहे.

यादी चकचकीत माणसांची नाही, हेही बघा. शमशोन आहे, इफ्ताह आहे. बाराक आहे, जो दबोरा सोबत येत नसेल तर लढाईला जाणार नाही म्हणाला होता. त्यांच्या आयुष्यातलं नको ते शास्त्राने कुठे लपवलेलं नाही, आणि तरी त्यांची नावं इथे आहेत.

आता या अध्यायातली जी जागा उपदेशात हमखास गाळली जाते तिच्याकडे येतो. ३३ आणि ३४व्या वचनांत विश्वासाने राज्यं जिंकलेले, सिंहांची तोंडं बंद केलेले, अग्नीची शक्ती नाहीशी केलेले लोक आहेत. ३५व्या वचनाच्या सुरुवातीला स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं परत मिळतात. आणि त्याच वचनात, मध्येच, सूर बदलतो. दुसऱ्या काहींचे हालहाल झाले, टवाळी झाली, बेड्या पडल्या. ३४व्या वचनात काही जण तरवारीच्या धारेपासून निसटतात. ३७व्या वचनात काही जण तरवारीनेच मारले जातात. तरवार तीच. ३९वं वचन या सगळ्यांना एकत्र घेऊन म्हणतं की विश्वासाबद्दल यांच्याविषयी साक्ष दिली गेली. वाचलेल्यांचा विश्वास मोठा आणि मेलेल्यांचा छोटा, असं तिथे कुठेही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: शास्त्र विश्वासाचं माप सांगत नाही. विश्वास कोणावर आहे आणि त्याने काय वचन दिलंय, ते सांगतं. शिष्यांनी प्रभूला ‘आमचा विश्वास वाढव’ म्हटलं (लूक १७:५), तेव्हा उत्तरात आला तो मोहरीचा दाणा: तेवढा विश्वासही पुरे. उपदेशकाने ऐकणाऱ्याला स्वतःच्या आत डोकावून विश्वास किती भरलाय ते बघायला लावलं, की त्याची नजर चुकीच्या ठिकाणी जाते. उतारा उघडून दाखवला तर नजर देवाकडे जाते.

तुम्ही कोणत्या उताऱ्यावरचा उपदेश ऐकताना विश्वास म्हणजे काय ते समजलं? आणि जे उपदेश करतात ते उतारा कसा निवडतात? मनापासून लिहा.

खिडकीपाशी

धागा काढलात ते बरं केलंत. तुमचा तरवारीचा परिच्छेद वाचून थांबले.

आमच्या घरात एकाचं आजारपण लांबलं होतं. प्रार्थनेला आलेले एक उपदेशक निघताना म्हणाले, ‘घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय.’ आमचं माणूस गेलं. ते वाक्य मात्र घरात राहिलं. आई स्वतःला तपासत बसायची, मी स्वतःला, आणि एकमेकींशी बोलायची सोय उरली नाही, कारण बोललं तर दुसरीला दोष दिल्यासारखं होणार.

मला त्यातून बाहेर काढलं मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाने. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. पाचव्या वचनात आहे, येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ म्हटलं. बाजेवरचा माणूस या सबंध उताऱ्यात एक शब्दही बोलत नाही. त्याचा विश्वास किती होता ते कुणी विचारत नाही. छप्पर उसकटणारे हात दिसले आणि प्रभूने त्यालाच विश्वास म्हटलं. मग मला वाटलं, आमच्या घरातही रात्र रात्र उशाशी बसणारे हात होतेच की.

आणि मार्क ९ मधला तो बाप. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ (९:२४). एकाच श्वासात दोन्ही. येशू त्याला ‘आधी नक्की ठरव’ असं सांगत नाही, मुलाला बरं करतो. शोकात असलेल्या घरी बोलायला जाणाऱ्या प्रत्येकाने जाण्याआधी हा उतारा वाचावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्नचिन्ह

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय आणि आवडतंय. एक शंका आहे, राग मानू नका. ‘न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी’ म्हणजे पुराव्याशिवाय मानणंच झालं ना? आणि येशू मेलेल्यांतून उठला याचा थोमा या शिष्याने पुरावा मागितला तर त्याला बोल लावला गेला, एवढं मलाही माहीत आहे. मग शास्त्राच्या मते चांगला विश्वासू माणूस म्हणजे प्रश्न न विचारणारा, असंच दिसतं.

वचनवाचक

@प्रश्नचिन्ह, राग कसला, हीच शंका उपदेशात घ्यायला हवी.

योहान २० सलग वाचा. थोमा येण्याआधी, १९ आणि २०व्या वचनांत, येशू बाकीच्या शिष्यांना हात आणि कूस दाखवतो. मग त्यांना आनंद होतो. थोमा त्या वेळी तिथे नसतो. पुढे तो जे मागतो ते बाकीच्यांना न मागता मिळालेलंच आहे. आठ दिवसांनी येशू येतो आणि थोमाचेच शब्द उचलून म्हणतो, बोट इकडे कर, हात पुढे कर. जे मागितलं ते समोर ठेवतो. थोमाच्या तोंडून मग ‘माझा प्रभू आणि माझा देव’ असा कबुलीजबाब येतो, आणि त्या शुभवर्तमानात यापेक्षा थेट कबुली दुसऱ्या शिष्याची नाही.

‘पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे धन्य’ हे वाक्य त्यानंतरचं. आणि त्याला लागून लगेच ३०-३१ येतात: येशूने आणखीही पुष्कळ चिन्हं केली, पण ही लिहिली आहेत ती तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून. म्हणजे नंतरच्या वाचकांना हात आणि कूस दिसणार नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांची साक्ष लेखी मिळेल. साक्ष तपासता येते, तिला प्रश्न विचारता येतात. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयातले लोक पौलाचं बोलणं खरं आहे का ते रोज शास्त्रात शोधून पाहायचे, आणि लूक त्यासाठी त्यांची स्तुती करतो. पौलासारख्याला तपासलं तरी चालतं, तर आम्हा उपदेश करणाऱ्यांना नक्कीच तपासावं.

‘न दिसणाऱ्या’ गोष्टींमध्ये पुढे घडायचं आहे तेही येतं. नोहाला पाऊस दिसत नव्हता, सांगणारा मात्र ओळखीचा होता.

पाळीचा_उपदेशक

उतारा कसा निवडता, असं विचारलंय म्हणून लिहितो. आमच्याकडे सामान्य सभासदांनाही उपदेशाची पाळी येते, मी त्यातला एक.

विषय घेऊन उपदेश तयार करायचा तर हात आधी शब्दसूचीकडे जातो. ‘विश्वास’ शब्द शोधायचा, वचनं गोळा करायची, माळ ओवायची. यात एक मोठा तोटा आहे. शब्द नाही पण गोष्ट आहे, असे उतारे सुटतात. रूथ आपल्या सासूला, नामीला, सोडून जात नाही आणि इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रय घेते, ते या पद्धतीने हाती लागत नाही. स्तोत्र ८८ तर नाहीच लागत. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो, सुटकेची एक ओळ नाही. पण पहिल्याच वचनात हाक आहे ती ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी. ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्यालाच रात्रंदिवस हाक मारत राहणं, हा विश्वास नाही तर काय आहे? एवढ्या वर्षांत या स्तोत्रावर उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मला सलग वाचन जास्त पटतं. चौथ्या शतकात क्रिसोस्तोम या उपदेशकाने मत्तयाच्या शुभवर्तमानावर ९० उपदेश क्रमाने दिले. धर्मसुधारक झ्विंगलीने १ जानेवारी १५१९ रोजी झुरिकमध्ये नेमलेले तुटक पाठ सोडून मत्तय पहिल्या अध्यायापासून घेतला. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन, त्याचं तर मला फार भावतं. १५३८ मध्ये त्याला जिनिव्हातून घालवून दिलं होतं. १५४१ मध्ये शहराने परत बोलावलं, तेव्हा लोकांना वाटलं असेल की आता हा सगळं बोलून दाखवणार. त्याने जिथे उतारा सोडला होता तिथूनच पुढे सुरू केलं. व्यासपीठावर माझं गाऱ्हाणं नाही, वचन बोलणार, हे त्याने न सांगता दाखवलं.

नहेम्या ८ हा या सगळ्यांच्या आधीचा. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ समजावतात, आणि ऐकता ऐकता लोक रडतात. रडा असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. उलट रडू नका असं सांगावं लागतं.

साधी_माळ

सलग वाचनाचं महत्त्व मान्य, पण नेमलेल्या पाठांचीही बाजू मांडते. आमच्या कॅथलिक मिस्सेत (प्रभुभोजनाच्या उपासनेत) पाठ ठरलेले असतात, १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र आहे: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान प्रामुख्याने उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. १९९२ ची सामायिक पाठमाला वापरणाऱ्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्याही याच वाटेने जातात. याचा फायदा असा की फादरांना आवडीचा उतारा निवडता येत नाही. अवघड उताराही पाळीने समोर येतो. जुन्या कराराचा पाठ शुभवर्तमानाशेजारी ठेवला की एकाने दुसरं कसं उजळतं तेही ऐकू येतं.

अम्माऊसच्या वाटेचा उतारा (लूक २४) अजून कुणी घेतला नाही, म्हणून मी घेते. दोन शिष्य खचून यरुशलेमेपासून दूर चाललेत. ‘आम्हांला आशा होती’ असं म्हणतात, म्हणजे आता ती उरलेली नाही. सोबत चालणारा अनोळखी माणूस, म्हणजे पुन्हा उठलेला येशू, मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरू करून शास्त्र उलगडतो. तरी ते त्याला ओळखत नाहीत. ओळखतात ते भाकर मोडताना. आमच्या परंपरेत वचन आणि ख्रिस्तशरीर ही एकाच मेजवानीची दोन अंगं मानतात, १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजातही तसं म्हटलंय. नुसता उपदेश पुरतो, असं लूक सांगत नाही.

पाळीचा_उपदेशक

@साधी_माळ, भाकरीचं मान्य. पण ओळख पटल्यावर ते दोघे एकमेकांना काय म्हणतात? वाटेने तो शास्त्राचा उलगडा करत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत उकळत नव्हतं काय? (२४:३२) आच तिथे लागली, डोळे भाकरीपाशी उघडले. मला वाटतं लूकने दोन्ही हेतुतः ठेवलंय.

साधी_माळ

हो, आणि ते रात्रीच उठून यरुशलेमेला परत जातात, हे तिसरं. ज्या वाटेने खचून आले त्याच वाटेने.

दोन्ही_बाजू

इतका वेळ कुणी याकोबाच्या पत्राचं नाव काढलं नाही, म्हणून काढतो. विश्वासाचा अर्थ शास्त्रातून सांगायचा आणि याकोब २ टाळायचा, हे मला बरोबर वाटत नाही. पौल रोमकरांस ३:२८ मध्ये म्हणतो, माणूस कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ मध्ये म्हणतो, माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. दोघेही अब्राहामाचंच उदाहरण घेतात. दोघेही उत्पत्ती १५:६ उद्धृत करतात. मंडळीत कुणीतरी दोन्ही उतारे एकाच दिवशी वाचले तर ऐकणाऱ्यांनी काय समजायचं?

जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाला गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच ग्रंथातल्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याने विश्वास ही जिवंत, सतत काम करणारी गोष्ट आहे, तिच्याकडून चांगलं झाल्याशिवाय राहतच नाही असं लिहिलं, हे कमी सांगितलं जातं. याकोबाला यापेक्षा वेगळं काय हवं होतं? हीच रोमकरांस पत्राची प्रस्तावना २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये कुणी वाचून दाखवत असताना मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीला आपल्या हृदयात ऊब जाणवली.

माझं वाचन असं की दोघांच्या समोरची माणसं वेगळी आहेत. पौलासमोर ‘मी काय कमावलं’ विचारणारा उभा आहे. याकोबासमोर उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवणारा उभा आहे (२:१५-१६). देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात (२:१९). नुसतं मानणं याकोबाला पुरत नाही, आणि पौलालाही पुरत नाही.

या प्रश्नावरून ख्रिस्ती लोक शतकानुशतकं वेगळे बसले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण या एका मुद्द्यावरचे जुने निषेध आता एकमेकांना लागू होत नाहीत, एवढं तरी त्यांनी मान्य केलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते आणि उपदेशात ती सांगायला हवी.

खिडकीपाशी

अब्राहामाचा विषय निघालाच आहे तर विचारते. रोमकरांस ४:२० म्हणतं की तो अविश्वासाने डळमळला नाही. पण उत्पत्ती १६ मध्ये हागार आहे, सारेची दासी, जिच्यापासून त्याने मूल होऊ दिलं. १७:१७ मध्ये देवापुढे उपडा पडून तो हसतो, शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल काय म्हणतो. हे डळमळणं नाही का?

वचनवाचक

@खिडकीपाशी, हा प्रश्न उपदेशात हळूच बाजूला सारला जातो. सारू नये.

आकडे समोर ठेवा. अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा. इश्माएल झाला तेव्हा ८६. तो हसला तेव्हा ९९. इसहाक झाला तेव्हा १००. म्हणजे वचन आणि मूल यांच्यामध्ये २५ वर्षं आहेत, आणि त्या २५ वर्षांत मिसरात बायकोला बहीण म्हणणं आहे, दमास्कसचा अलियेजर वारस होईल ही तक्रार आहे, हागार आहे, हसणं आहे. उत्पत्ती यातलं काहीही झाकत नाही, आणि पौलाने उत्पत्ती वाचलं नव्हतं असं कोण म्हणेल?

मी ते असं समजतो. पौल त्याच्या मनातल्या एकेका दिवसाची नोंद ठेवत नाही. शेवटपर्यंत तो कोणत्या बाजूला उभा राहिला ते सांगतो. अब्राहाम तक्रार करतो ती देवाकडे. हसतो तोही देवाच्या समोर. वचन खोटं आहे म्हणून तो ऊर देशाला परत गेला नाही. इब्री ११:१५ हेच टिपतं: सोडून आलेला देश मनात असता तर परत जायला संधी होती. आपल्याला शंका आली म्हणजे विश्वास संपला असं ज्यांना वाटतं, त्यांना ही २५ वर्षं सविस्तर सांगायला हवीत. वाटलं तर चार रविवार घ्या.

नवखा_वाचक

युवकांच्या वर्गात मला विश्वासावर बोलायला सांगितलंय. खुर्चीचं उदाहरण सगळीकडे ऐकलंय: खुर्ची तोलेल असं नुसतं म्हणणं वेगळं आणि तिच्यावर बसणं वेगळं. ते वापरू का?

पाळीचा_उपदेशक

वापरा, पण तेवढ्यावर सोडू नका. मानणं आणि भार टाकणं यातला फरक त्याने पटकन कळतो. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतही खऱ्या विश्वासात खात्रीचं ज्ञान आणि मनापासूनचा भरवसा, असं दोन्ही सांगितलंय. पण खुर्ची बोलत नाही, वचन देत नाही, पंचवीस वर्षं वाट बघायला लावत नाही. शास्त्रातला विश्वास बोलणाऱ्या देवाला दिलेलं उत्तर आहे. रोमकरांस १०:१७ म्हणतं की विश्वास ऐकण्याने होतो. तेव्हा दोन मिनिटं खुर्ची, बाकीचा वेळ उतारा. मुलांना मोठ्याने वाचू द्या, आणि ‘या माणसाने काय ऐकलं? ऐकून काय केलं?’ एवढंच विचारा. ती तुमच्यापेक्षा जास्त शोधून काढतील.

प्रश्नचिन्ह

चर्चा वाचून मार्क उघडला. पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई आहे. ती गुपचूप वस्त्राला शिवते आणि लगेच बरी होते. मग येशू ‘कोण शिवलं’ म्हणून सगळ्यांसमोर तिला पुढे का आणतो? बरी झाली होती, जाऊ द्यायचं. शिवाय येशू ज्याच्या घरी निघालाय त्या याईराची मुलगी तिकडे मरायला टेकलीय.

वचनवाचक

@प्रश्नचिन्ह, लेवीय १५:२५-२७ सोबत वाचा. असा स्राव असलेली स्त्री अशुद्ध मानली जाई, तिचं अंथरूणसुद्धा, आणि त्याला शिवणारासुद्धा. बारा वर्षं तिला लोकांत मोकळेपणाने मिसळता आलं नव्हतं. गुपचूप निघून गेली असती तर शरीराने बरी झाली असती, पण गावाच्या लेखी अशुद्धच राहिली असती, आणि तिला स्वतःलाही वाटलं असतं की गुण त्या कापडाचा. येशू सगळ्यांदेखत तिला ‘मुली’ म्हणतो. शुभवर्तमानांत त्याने या नावाने हाक मारलेली स्त्री हीच. मग ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ म्हणतो. भीतीने थरथरत मागून केलेल्या स्पर्शाला तो सगळ्या गर्दीसमोर विश्वास हे नाव देतो.

याईराचं तुमच्या लक्षात आलं ते महत्त्वाचं. हे बोलणं चाललेलं असतानाच त्याच्या घरून माणसं येतात, मुलगी गेली म्हणून. येशू त्याला म्हणतो, ‘भिऊ नको, विश्वास मात्र धर’ (५:३६). त्या क्षणी याईरापाशी धरायला काय आहे? आत्ताच डोळ्यांदेखत बरी झालेली ती बाई, आणि सोबत चालणारा येशू. मुलीचं वय बारा, बाईचं दुखणं बारा वर्षांचं, आणि मार्कने दोघींना एकमेकींत गुंफलंय. म्हणून हा उतारा २१ ते ४३ सलगच वाचा, अर्धा तोडू नका.

इब्री ११ वाचाल तेव्हाही अध्याय संपला म्हणून थांबू नका. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले, मूळ पत्रात ते नव्हते. विचार पुढे १२:२ पर्यंत जातो, आणि एवढी माणसं दाखवून झाल्यावर लेखक त्यांच्यावरची नजर काढून ‘आपल्या विश्वासाचा उत्पादक व पूर्ण करणारा येशू’ याच्याकडे लावायला सांगतो. तिथपर्यंत वाचून झालं की जे अडेल ते इथेच विचारा.